गार माती

सासरे हाडाचे माळी. ट्युलिपचे कंद कधी लावायचे ते मातीत बोट खुपसून ठरवत. माती गार नसेल तर कंद कुजतात. आज बोट खुपसून म्हणाले, “झाली गार. घे लावायला.” सुनेनं बोट घातलं, तर माती उबदार. “बाबा, अजून गरम आहे.” “तीस वर्षं हे बोट चुकलं नाही. माळ्याला शिकव आता.” ती हसली. मग त्याच बोटावर टपोरा फोड दिसला. “हे कधी भाजलं?” त्यांनीही नवलानं पाहिलं. “चहाचं पातेलं लागलं असेल. कळलंच नाही बघ.” हात धुऊन आत निघाले. “तू खड्डे घे. मी बाळाला आंघोळ घालतो. टबातलं पाणी बघितलंय बोटानं, कोमट आहे.” बाथरूमच्या खिडकीची काच वाफेनं पांढरी झालेली. हातातला कंद टाकून ती धावली, तोवर आतून ऐकू आलं, “चला राणीसरकार, डुंबायला.”