शेवटचा चमचा

"बाबा, चार दिवस चिपळूणला चला ना माझ्याकडे," वृंदा म्हणाली.

"आणि दह्याचं काय?" प्रल्हादरावांनी वाटीतला शेवटचा चमचा नेहमीसारखा बाजूला ठेवला. तेच उद्याचं विरजण.

नलूला जाऊन सात महिने झाले होते. 'सेट' हा एकच इंग्रजी शब्द तिच्या तोंडी असायचा आणि तो ती कुठेही चालवायची. दही सेट झालं, केस सेट केले, नवी कामवाली सेट झाली, वृंदा सासरी सेट झाली. "आणि मी?" असं नवऱ्याने विचारलं की म्हणायची, "तुम्हाला चाळीस वर्षं विरजण लावतेय, अजून पातळच!"

तिने लावलेल्या शेवटच्या दह्यातूनच ते रोज पुढचं लावत. फ्रीजमध्ये टिकलंही असतं. पण नाही टिकलं तर? नलूच्या हातचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. म्हणून भाच्याचं लग्न चुकलं, नातीचं बारसंही चुकलं. सात महिने ते त्या पातेल्याला बांधल्यासारखे घरातच होते.

वृंदा त्या चमच्याकडे बघत राहिली. "अहो बाबा, सासरी जाताना आईने मला डबीत हेच विरजण दिलं होतं. अकरा वर्षं तेच लावतेय मी. माझ्याकडचं दहीही तिचंच आहे."

प्रल्हादराव तिच्याकडे वळले.

"तिकडच्या दमट हवेत सेट होतं का गं?"

"सुरीने कापावं इतकं!"

मग बाजूला ठेवलेला तो चमचा त्यांनी उचलला आणि सावकाश खाऊन टाकला.