मधली जागा

विद्या विकू नये, हा उपदेश थोर आहे. मात्र तो करणाऱ्याचा स्वतःचा पगार बहुधा महिन्याच्या महिन्याला न चुकता जमा होत असतो.

दक्षिण कोरियातल्या आन्दोंगमधील एका माध्यमिक शाळेत हिवाळी सुट्टीच्या आदल्या दिवशी उपमुख्याध्यापक जू ग्वांग-सिक यांनी वू सुन-याँग यांच्या मेजावर कागदाची लांब पट्टी पसरली. वूबाई मुलांना जुनी चिनी अक्षरे शिकवीत. शिक्षक कितपत समाधानी आहेत हे पाहण्यासाठी दुपारी वरिष्ठ कार्यालयातील साहेब येणार होते.

"बाई, ते वचन लिहून द्या. राजा, गुरू आणि पिता एकच. जुन्या अक्षरांत लिहा, भारदस्त दिसतं."

"सर, माझ्या सुट्टीच्या पगाराचं काय झालं?"

"तुमची नेमणूक आज संपली, मार्चमध्ये नवी मिळेल. मधले दोन महिने तुम्ही आमच्या कोण? बाकीचे बावीस जण कायम आहेत."

"दोन महिने घरभाडं कुठून देऊ?"

"विद्या काय पैशासाठी शिकवायची असते, बाई?"

"आणि तुमचा पगार, सर?"

"तो हुद्द्याचा आहे," जू संत्रे सोलत म्हणाले.

वूबाईंनी शाई उगाळली. राजाचे अक्षर लिहिले. मग वीतभर जागा सोडून पित्याचे लिहिले, आणि वचन पूर्ण केले. कुंचला धुऊन पुसून त्यांनी पिशवीत ठेवला.

जू यांनी दुरूनच मान डोलावली. ती अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत, हे त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत कोणाला कळू दिले नव्हते.

दुपारी साहेब शिक्षकांच्या दालनात भिंतीवर लावलेल्या पट्टीपुढे बराच वेळ उभे राहिले.

"मध्ये मोकळी जागा सोडलीय, ती काय शोभते हो."

"आमच्या शाळेची दृष्टीच तशी आहे, साहेब."

"शिक्षक समाधानी?"

"शंभर टक्के."

त्या वेळी वूबाई दाराशी आपल्या नावाच्या कप्प्यातून शाळेतल्या सपाता काढून घेत होत्या.

पट्टी अजून भिंतीवर आहे. ती वाचू शकणारा कोणी कधी त्या दालनात येवो, त्याचे कल्याण असो. आणि जिने ती जागा रिकामी ठेवली, तिची चूल मार्चपर्यंत पेटती राहो.