आपल्या आवडीचा विषय

"तोंडी परीक्षेचा विषय तुमचा तुम्ही निवडायचा. मी देणार नाही," असं वर्षाराणी मॅडमनी बी.ए.च्या इंग्रजीच्या वर्गाला ठणकावून सांगितलं, तशी सगळी पोरं बावचळली.

"तुमीच द्या की मॅडम, आमी पाठ करतो," सगळीकडून एकच गलका.

उभी राहिली ती एकटी कोडोलीची मनाली. वर्षभर मागच्या बाकावर बसून तोंडातून ब्र न काढलेली पोरगी. म्हणाली, "मला माझ्या स्वप्नांबद्दल बोलायचं हाय."

मॅडमना आभाळ ठेंगणं झालं. रोज कॉलेज सुटल्यावर त्या तिला घेऊन बसायला लागल्या. पुढं शिकायचं, दुभाषी व्हायचं, परदेशी जायचं, हे सगळं मनाली हळूहळू इंग्रजीत न अडखळता बोलायला लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती पेढे घेऊन आली.

"पुण्याचं स्थळ आलतं, मॅडम. बघायच्या कार्यक्रमात मुलानं इंग्रजीत बोलायला लावलं. मी समदं घडाघडा बोललो. तिथंच पसंती दिली त्यांनी."

"आणि उद्याची परीक्षा?"

"आता कशाला, म्हणत्यात घरात."

"अगं, मग त्या स्वप्नांचं काय? सगळ्या वर्गात तू एकटीनं स्वतःचा विषय निवडला होतास!"

मनालीनं पेढ्यांचा बॉक्स पुढं केला.

"मी कुठला निवडतोय वो, मॅडम? मध्यस्थानं आधीच सांगितलतं, मुलगा बघायला जाईल त्या पोरीला 'तुझी स्वप्नं काय, इंग्रजीत सांग' हेच विचारतोय म्हणून."