माजघराचं सारवण

मुक्ताबाई उंबऱ्यातच थबकली. घर आवरून झालं होतं.

जळमटं निघाली होती. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या होत्या. उतरंडीची मडकी पुसून पुन्हा एकावर एक चढली होती आणि परसातल्या दोरीवर धुतलेल्या गोधड्या ऊन खात होत्या. घट बसायला अजून दोन दिवस होते.

"या आक्का, बसा." धाकटी जाऊ सरू पदराला हात पुशीत चुलीपासनं उठली. "औंदा तुमास्नी कायबी ठिवलं न्हाई. तीन दीस नुसती भूत झालते, पर समदं उरकलं."

मुक्ताबाई बसली. लोणावळ्याहून पहाटेच्या गाडीनं निघून, कामशेतला उतरून, दोन तास चिखल तुडवत ती टाकव्याला आली होती. मुद्दाम कामाचं जुनं लुगडं नेसून.

नवरा लोणावळ्याला एका सेठच्या बंगल्यात माळी, ती तिथंच घरकामाला. बारा वर्षं झाली होती. बंगल्याची साफसफाई वर्षातून चारदा चाले. उन्हाळ्यात सेठची माणसं यायच्या आधी एकदा, पावसाच्या तोंडावर गाद्या-पडदे बांधून ठेवायला एकदा, पाऊस सरला की कपाटांवरची बुरशी पुसायला, आणि मग दिवाळीला. स्वतःच्या घराची मात्र एकदाच, दसऱ्याची. तेवढ्यासाठी ती एक दिवस मागून घेई. गेल्या साली तोही मिळाला नव्हता. यंदा तर जपानी बॉम्बच्या भीतीनं सेठचं अख्खं बिऱ्हाड मुंबईहून येऊन राहिलेलं. 'संध्याकाळच्या गाडीला परत ये,' असं दोनदा बजावून बाईंनी तिला सोडलं होतं.

"देवाची भांडी?" तिनं विचारलं.

"काल चिच्चंनं घासली."

"माळ्यावरचं?"

"त्येबी झालं. तुमी वरीसभर दुसऱ्याच्या घरात राबता, आक्का. हितं तरी दोन घटका पाठ टेका."

सरूनं गूळ-पाणी पुढं केलं. पाहुण्याला देतात तसं, वाटीत. मुक्ताबाईनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तो कितीतरी वेळ गालातच राहिला.

मग ती उठली. तुळईवरून बोट फिरवून पाहिलं. धूळ नव्हती. फडताळात डोकावली. चुलीमागं वाकली. सरूचा हात कुठंही चुकला नव्हता. शेवटी तिनं लख्ख घासलेला एक तांब्या उचलला, परसात नेला आणि राख घेऊन पुन्हा घासायला बसली.

सरू दारातून बघत होती. मग ती वळली आणि आत गेली.

थोड्या वेळानं आतून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. मुक्ताबाई तांब्या तसाच टाकून आत आली. सरू माजघरात उकिडवी बसून खुरप्यानं गुळगुळीत जमीन उकरत होती. निम्म्या खोलीचं सारवण तिनं उखडून ठेवलं होतं.

"आगं ये, काय करतीस?"

"पोपडं धरलं व्हतं."

"कुटं? आत्ता तर बरी व्हती!"

"धरलं व्हतं म्हनते न्हवं?" सरूनं मान वर केली नाही. "मला मेलीला कुटं तुमच्यावानी सारवाया येतं. शेन गोठ्यात हाय. माती म्या कालवून देते."

मुक्ताबाई क्षणभर तिच्या वाकलेल्या पाठीकडं बघत राहिली. मग तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि गोठ्याकडं चालू लागली.

भाकरी खाल्ल्यावर तिनं सारवायला घेतलं. आधी माती चोपून बसवली. ती वाळेपर्यंत हात लावून तपासत बसली. मग देवळीपासून सुरुवात केली. चौदा वर्षांची असताना याच जमिनीवर सासूनं तिचा हात धरून फिरवला होता, अर्धा चंद्र काढल्यासारखा, एकाच्या पोटात दुसरा. हात अजून तसाच फिरत होता. बंगल्यात रंगीत फरशी होती. ती कितीही घासा, तिच्यावर घासणारीच्या हाताचा माग म्हणून उरत नसे.

माती कालवून दिल्यावर सरू पुन्हा मदतीला आली नाही. ती ओटीवर गहू निवडत बसली. मधूनच उगाच काहीतरी विचारी, आणि आतून मुक्ताबाईचं "हां" येई.

मागं सरकत सरकत ती उंबऱ्यापर्यंत आली. शेवटचा हात फिरवून ओटीवर उतरली, तेव्हा उन्हं वडाच्या मागं गेली होती.

"निघाया पायजे," ती म्हणाली.

"वाळंस्तवर थांबा की. आत बसून च्या घिऊन जावा."

"गाडी थांबती व्हय?"

आता आत पाऊल ठेवता येत नव्हतं. मुक्ताबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून माजघर बघत होती. ओली जमीन चकाकत होती. पलीकडं देवळी, कोपऱ्यात जातं, खुंटीला सासऱ्याची घोंगडी. सगळं हाताच्या अंतरावर होतं.

"चांगलं झालंय," सरू हळूच म्हणाली.

मुक्ताबाईनं मान हलवली. सरू अंगणातून पाण्याची कळशी घेऊन आली आणि ओणवी होऊन पाणी ओतू लागली.

"हात धुवा, आक्का."

मुक्ताबाईनं डावा हात पुढं केला. उजवा, कोपरापर्यंत शेणामातीनं भरलेला, पोटाशी धरून ठेवला.

"ह्यो ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "लोनावळ्यापत्तुर तरी ऱ्हाऊ दे."