जनुक काढलेला उंदीर

पिंजऱ्यातला उंदीर चाकावर धावत होता. नुसता धावत नव्हता, गरगरा पळत होता. त्याच्याकडे बघताना संशोधक मुलीचा चेहरा उतरत चालला होता.

"हाच का तो?" मागून मार्गदर्शक मॅडमनी विचारलं.

"हाच."

पेशीच्या आत इवल्या पिशव्या इकडचा माल तिकडे नेतात. त्यांना वाटेला लावणारं उंदराचं एक जनुक मुलीनं वर्षानुवर्षं पिंजून काढलं होतं. त्याची रचना कशी, ते यकृतात किती जागं असतं, मेंदूत किती, सगळं तिला तोंडपाठ. आता तेच काढून टाकलं, की मेंदूतली वाहतूक तुंबणार, उंदीर झोकांड्या खाणार आणि तिचा प्रबंध एकदाचा पुरा होणार, असा तिचा हिशेब होता.

"जनुक नक्की गेलंय?"

"मागमूससुद्धा नाही, मॅडम."

मॅडमनी स्वतः बघायला झाकण उघडलं. उंदीर त्यांच्या बाहीवरून खांद्यावर, खांद्यावरून टेबलावर आणि तिथून थेट कपाटामागे. दोघी गुडघ्यांवर आल्या. बरीच झटापट झाल्यावर मुलीनं त्याला कसंबसं ओंजळीत धरलं. मॅडम भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. चष्मा एकाच कानावर लोंबत होता.

"तोल उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "नोंद कर."

"पण मॅडम, माझा प्रबंध?"

"त्या जनुकाचं काम दुसरं एखादं जनुक उरकतंय. ते कोण, ते शोधायचं."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

मॅडमनी चष्मा नीट केला. "पाणी पी आधी," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

उंदीर पिंजऱ्यात घालून मुलीनं आईला फोन लावला.

"काय गं, आवाज असा का येतोय?"

"आई, माझ्या उंदराला काहीच झालं नाही गं!"

"काहीच नाही?"

"खातोय, पितोय, उड्या मारतोय. अगदी ठणठणीत आहे." मुलीला हुंदका फुटला.

"अगं, मग रडतेस कशाला वेडाबाई? त्याच्या आईच्या जिवाला किती बरं वाटलं असेल!"

मुलीनं डोळे पुसले आणि शेजारच्या पिंजऱ्यात पाहिलं. उंदराची आई पाठ फिरवून दाणे कुरतडत होती.