बांधावरची म्हातारी

माझी धाकटी सून लुसिया ब्राझीलची. आमच्या प्रवीणशी लग्न करून अमेरिकेत राहते आणि गोष्टी लिहिते. तिच्या बाजूच्या देशांतून आलेल्यांना तिकडे लॅटिनो म्हणतात. त्या लोकांच्या गोष्टींचं एक पुस्तक निघणार होतं, म्हणून तिने स्वतःच्या आजीची गोष्ट पाठवली. ती परत आली. वर चिठ्ठी, "तुमची आजी पोर्तुगीज बोलते, आम्ही सगळे स्पॅनिश. ही म्हातारी आमच्यातली वाटत नाही."

फोनवर मोडक्या मराठीत सांगता सांगता पोर रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय गं? माझी गोष्ट लिही. दीर बांध कोरायला आला तवा मी कोयता घेऊन बांधावर बसले होते, ते लिही. बघू कोण नाय म्हणतोय!"

तिने लिहिलं. माझं आणि आमच्या कडाव गावाचं नाव तेवढं गाळलं. चार दिवसांत उत्तर आलं, "हीच आमची खरी आजी. गोष्ट घेतली."

&nbsp;

म्हणजे कडावची मी लॅटिनो, आणि ब्राझीलची सून नाय.