नवा माउस, जुनी खोड

सेल बदलून झाले. खालचा डोळा पुसून झाला. चकचकीत टेबल नको म्हणून खाली वही ठेवून झाली. तरी पडद्यावरचा बाण ऐन वेळी निसटायचाच.

खाटेवर बसलेली आई दोन दिवस हा तमाशा बघत होती. चाळिशीचा घोडा, पदवी भिंतीला टांगलेली, आणि मुठीएवढी वस्तू ऐकेना.

"नाचता येईना, अंगण वाकडं. तुझे वडील बंद पडलेला ट्रक दोरी बांधून घरी आणायचे."

"आई, माउसच खराब आहे."

"असेल. वस्तू मालकावर जाते."

काल संध्याकाळी त्याने नवा आणला आणि जुना खणात टाकला. जुन्याचे इशारे बिनतारी पकडणारी नखाएवढी खुंटी संगणकाच्या पाठीत तशीच राहिली. ती काढायचं या शहाण्याला सुचेल तर शपथ. रात्री खण आवरताना आईचा हात जुन्या माउसला लागला आणि पडद्यावरचा बाण टुणकन उडाला. चार बुकं शिकलेली बाई, पण तेवढ्यात सगळं समजली.

आज पाचपर्यंत बदलीचा अर्ज जायचा होता. तो गेला की लेक-सून दूरच्या शहरात. घरात उरणार ती आणि टीव्ही. तोही रिमोट मेल्यामुळे आठवडाभर मुका होता. आज सकाळी कुठे बोलायला लागला.

जेवण झाल्यावर ती मांडीवर शाल घेऊन बसली. लेकाचा बाण 'पाठवा'पाशी आला की शालीखाली जुना माउस हळूच सरके. बाण कोपऱ्यात. पुन्हा आला, पुन्हा कोपऱ्यात. त्याच्या कपाळावर घाम. बावळट नुसता. मागे वळून बघायचीही अक्कल नाही.

साडेचारला सुनेचा ऑफिसातून फोन आला. त्याने तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"गेला का अर्ज?"

"माउस उड्या मारतोय."

"नवा आणलास ना?"

"तोही तसाच."

"तुझ्या हातातच खोट आहे." सुनेचं म्हणणं आईला पहिल्यांदाच पटलं. "मग माउस सोड. कीबोर्डवरून एंटर दाब."

"दाबलं. होत नाही."

त्याने कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं. बायकोशी धड खोटंही बोलता येत नाही मेल्याला, आईने मनात म्हटलं.

पाच वाजले. पडद्यावर 'मुदत संपली' अशी लाल ओळ आली. शालीखालचा हात थांबला.

"उंटावरचा शहाणा," आई म्हणाली. "एवढं एक काम झालं नाही तुझ्याच्याने."

"नाही झालं खरं." त्याने संगणक बंद केला, खुर्ची वळवली आणि तिच्या शालीकडे बघत म्हणाला, "तो माउस आता टाकून दे, आई. त्यातले सेल मी सकाळीच तुझ्या रिमोटला घातलेत."